अडतीस चंद्र जास्तीचे

भारतात सन दोन हजार एकसष्ट साली ऐंशीच्या पुढची माणसं किती असतील, हे श्यामसुंदर आगटे झोपेतून उठवलं तरी सांगू शकत. बायका किती, पुरुष किती, खेड्यात किती, शहरात किती आणि एकेका म्हाताऱ्यामागे कमावते हात किती उरले असतील, सगळं तोंडपाठ. आपल्या घरातल्या आईचं वय मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं, ही खरी गंमत.

सॉल्ट लेकमधल्या एका केंद्र सरकारी कचेरीत, आकडेवारीच्या खात्यात ते साहेब होते. तीन वर्षांसाठी म्हणून पुण्याहून बदली होऊन कोलकात्याला आले, त्याला आता चोवीस वर्षं झाली. काम काय, तर देशाचं भविष्य सांगायचं. पत्रिका नाही, पोपट नाही. आजवर किती जन्मले, किती गेले, यावरून पुढची तीस-चाळीस वर्षं मांडायची. माणसं किती म्हातारी होणार, पेन्शन किती लागणार, दवाखान्यात खाटा किती लागणार आणि हा गाडा ओढायला तरुण खांदे किती असणार. दिल्लीहून पत्र आलं की आगट्यांचे तक्ते निघत.

हे काम कचेरीत ठेवून घरी यावं की नाही? तर नाही. जादवपूरच्या बाजारात भाजीवाल्यासमोर पिशवी धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आज दहा माणसांत एक साठीच्या पुढचा आहे. दोन हजार एकावन्नला पाचांत एक होईल. तेव्हा तू मऊ भाज्याच जास्त ठेव." अनुराधा, म्हणजे त्यांची बायको, वाट बघून बघून खाली उतरायची. "अहो, दुधी आणायला पाठवलं होतं तुम्हाला, दोन हजार एकावन्न आणायला नव्हे!"

पण कोपऱ्यावरच्या बापी रिक्षावाल्यानं त्यांचं ऐकलं. "पुढं तुझ्या रिक्षात गुडघेदुखीवालेच बसणार आहेत, पायरी खाली घे," असं यांनी सांगितल्यावर त्यानं एक फळी ठोकून जादा पायरी केली. महिनाभरात गल्लीतल्या सगळ्या आज्या दुसऱ्या रिक्षा सोडून बापीसाठी ताटकळायला लागल्या. तेव्हापासून बापी यांना जोतिषबाबू म्हणायचा आणि हेही ओ द्यायचे.

आई म्हणजे सरलाबाई. आधारकार्डावर जन्मतारीख एक जून सत्तेचाळीस, म्हणजे वय अठ्ठ्याहत्तर. मूर्ती लहान, पण तीन मजले चढून आल्यावर दम नातीला लागायचा, यांना नाही. पहाटे उठून पूजा, पोथीचा एक अध्याय, मग खिडकीत उभं राहून खालच्या मासेवालीशी बंगालीत वाद. मासे खायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, तरी भाव काय असायला हवा याबद्दल त्यांचं ठाम मत असे. मासेवालीही त्यांना विचारल्याशिवाय भाव फोडत नसे.

तर यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काय झालं, आरती झाली, प्रसाद वाटला, आणि सुनंदा वझे सतरंजीवर मांडी घालून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का सगळ्यांनी? आमच्या सुमितनं माझं सहस्रचंद्रदर्शन ठरवलंय. कार्तिकात. जमशेदपूरहून गुरुजी येणार आहेत." बँकेतल्या साहेबाची ही बायको, आता मुलाकडे राहणारी. सरलाबाईंची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि सगळ्यात जुनी प्रतिस्पर्धीसुद्धा. मोदकाच्या कळ्या कुणाच्या जास्त, यावरून दोघींची वीस वर्षं चालली होती.

सरलाबाई टॅक्सीत घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. असं आधी कधी झालं नव्हतं. ड्रायव्हरनंच काळजीनं मागं वळून पाहिलं. घरी येऊन पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि मग म्हणाल्या, "श्याम, माझं कधी रे?"

"तुझं काय?"

"सहस्रचंद्रदर्शन."

श्यामसुंदरांना असा प्रश्न म्हणजे पक्वान्नच. त्यांनी लगेच कागद ओढला. "हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने. तुझा जन्म एक जून सत्तेचाळीस. म्हणजे एप्रिल अठ्ठावीस. अजून दोन वर्षं सात महिने, आई."

"आणि सुनंदाचे भरले?"

"भरले ना. त्यांचं एक्याऐंशी चालू आहे."

"अरे, पण ती मला सरलाताई म्हणते!"

"आदरानं म्हणत असतील."

"सुनंदा? आदरानं?" सरलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वीस वर्षांत तिच्या तोंडून आदराचं एक अक्षर निघालं असेल तर मला दाखव. अरे, पहिल्याच भेटीत आम्ही लग्नाचं साल, जावांची वयं, दीर-नणंदा सगळं लावून पाहिलं होतं. मी मोठी निघाले म्हणून तिला झक मारत ताई म्हणावं लागलं."

"पण कागद..."

"कागदाला काय कळतंय!" आणि मग जरा थांबून, चहाचं आधण ठेवायला सांगावं तितक्या सहज त्या म्हणाल्या, "थांबू की दोन वर्षं सात महिने. तोवर मी असले म्हणजे झालं."

आत गेल्या. श्यामसुंदर मात्र पेन हातात धरून तिथंच बसले.

गणपती गेल्यावर एके दिवशी कचेरीत त्यांनी आयुष्याचा तक्ता उघडला. कोणत्या वयाच्या शंभर माणसांतली किती पुढच्या वर्षी असतील, हे सांगणारा तो तक्ता. तीस वर्षं त्यांनी तो हाताळला होता, जशी गृहिणी मिसळणाचा डबा हाताळते, न बघता. आज पहिल्यांदा त्यांनी त्यात बोट ठेवून ओळ शोधली. स्त्रिया, अठ्ठ्याहत्तर. तिथून अडीच वर्षं पुढं. शंभरातल्या पंच्याऐंशी.

पंच्याऐंशी म्हणजे उत्तम आकडा. कुठल्याही बैठकीत त्यांनी तो हसत हसत वाचून दाखवला असता. पण त्या दिवशी त्यांना पंच्याऐंशी दिसेचनात, उरलेल्या पंधराच दिसत होत्या, आणि त्या पंधराही जणी नऊवारी नेसून मासेवालीशी भांडत होत्या.

"की होलो, श्यामदा? काय झालं?" शेजारच्या टेबलावरून तापसदानं विचारलं. तापसदा म्हणजे त्यांचा अठरा वर्षांपासूनचा सहकारी, डब्यातला अर्धा वाटेकरी. श्यामसुंदरांनी सगळी हकीकत सांगितली. तापसदा खुर्चीत मागं रेलला. "तुम्ही स्वतः शिकवता ना सर्व्हेवाल्या पोरांना? म्हाताऱ्या माणसाला वय विचारायचं नाही, घटना विचारायच्या. पूर आला तेव्हा लग्न झालं होतं का? भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं? मग स्वतःच्या आईला आधारकार्डावरून का मोजता? आईची परीक्षा घ्या की!"

खरंच की! खेड्यापाड्यात जन्मतारीख कुणाला माहीत असते? म्हणून सरकारी माणसं बरोबर मोठमोठ्या घटनांची यादी नेतात आणि आठवणींवरून वय बसवतात. या यादीवर श्यामसुंदरांनी एक पुस्तिकाच लिहिली होती. घरी आले ते चप्पलही न काढता आईसमोर बसले.

पितृपक्ष चालू होता, अनुराधा उद्याच्या श्राद्धाची यादी करत होती. नूपुर, त्यांची लेक, न्यू टाउनच्या कंपनीत कामाला, त्या दिवशी घरूनच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. तिचा जन्म इथलाच. मराठी येते, पण वळणावळणावर ठेचकाळते.

"आई, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू कुठं होतीस?"

"पलंगाखाली."

"तसं नाही गं. वय काय होतं?"

"पलंगाखाली जाता येईल एवढं. तू होतास पोटाशी, चार महिन्यांचा. तुला आधी ढकललं आत, मग मी. तुझे वडील बाहेर उभे राहून विचारत होते, चहा झाला का म्हणून."

श्यामसुंदरांनी लिहिलं: उपयोग नाही. "बरं. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा?"

"तेव्हा माझ्या लग्नाचं बघत होते. पुण्याचं एक स्थळ त्या पुरात वाहून गेलं."

"आई!" अनुराधा दचकली.

"अगं, माणसं नाही वाहून गेली. पत्रिका वाहून गेली. पुन्हा त्यांनी मागितलीच नाही. देवाची कृपा, नाहीतर तू आज कुणाची सून असतीस?"

"थांब," श्यामसुंदर म्हणाले, "पानशेत एकसष्ट साली. तेव्हा कागदाप्रमाणे तू चौदाची. चौदाव्या वर्षी लग्नाचं बघत होते?"

"मला काय विचारतोस, कागदाला विचार."

"सर्वांत जुनं काय आठवतं तुला? ऐकलेलं नको, स्वतः पाहिलेलं."

सरलाबाईंनी डोळे मिटले. चेहऱ्यावर एकदम लहान मुलीचं हसू आलं. "झेंडा. चावडीसमोर पहिल्यांदा झेंडा लावला तो दिवस. सगळ्या पोरांना लेमनची गोळी वाटली. माझे पुढचे खालचे दोन दात पडलेले, मला गोळी चावेना. मी ती फडक्यात बांधून दोन दिवस चोखली."

"पण आई, कागदाप्रमाणे त्या दिवशी तू अडीच महिन्यांची होतीस."

"मग अडीच महिन्यांच्या पोरीचे दात पडले म्हणायचे."

नूपुर लॅपटॉपमागे हसून हसून आडवी झाली. श्यामसुंदरांचं मात्र समाधान होईना. ही आठवण तीन वर्षांनंतरच्या एखाद्या झेंड्याची नसेल कशावरून? दात ठेच लागूनही पडतात. गावातल्या बायकांनी सांगून सांगून तयार झालेली आठवण असली तर? पुस्तिकेत त्यांनीच लिहिलं होतं: एका साक्षीवर वय बसवू नये. अनुराधा म्हणाली, "अहो, आईंना साक्षीदार काय मागता? कोर्ट आहे का हे?" पण ते बधले नाहीत. चार दिवस घरात परीक्षा चालली. सरलाबाई गोदावरीच्या पुराची, ग्रहणाची, रॉकेलच्या रांगांची उत्तरं देत राहिल्या, आणि वय कधी एकोणऐंशी निघे, कधी सत्त्याऐंशी. बापीसुद्धा चौकशी करू लागला, "जोतिषबाबू, मा-जींचं काय ठरलं?"

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना झाली, आणि त्याच दिवशी कऱ्हाडच्या अनिलमामांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. अनिलमामा म्हणजे सरलाबाईंचे धाकटे भाऊ. त्यांचा जन्म मिरजेच्या दवाखान्यातला, डॉक्टरीणबाईच्या सहीचा दाखला असलेला. त्या काळी एवढा पक्का दाखला साऱ्या घराण्यात एकाच माणसाकडे होता आणि मामा तो काचेत घालून भिंतीवर लावत.

नूपुरनं व्हिडिओ कॉल लावला. "मामाआजोबा, ऐंशीव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!" हे वाक्य तिनं सकाळपासून तीनदा म्हणून ठेवलं होतं.

"शाब्बास गं पोरी! दे, आमच्या ताईला दे आता."

फोन आजीकडे गेला. नूपुर मात्र कपाळाला आठ्या घालून उभी. मग बापाकडे वळली. "बाबा, मला हे समजत नाहीये. मामाआजोबा ऐंशी आहेत. आजी अठ्ठ्याहत्तर आहे. तर ते आजीला ताई का बोलतात? ताई मोठ्या बहिणीला असते ना? की मराठीत उलटं पण असतं?"



अनुराधाच्या हातातली पळी तशीच. श्यामसुंदरांनी कपाळावर हात मारून घेतला. अठ्ठावन्न वर्षं हा माणूस आईच्या धाकट्या भावाला धाकटा मामा म्हणत आला होता. त्या मामाची जन्मतारीख पाठ. आईची जन्मतारीख पाठ. देशातल्या एकशे चाळीस कोटी माणसांची वयं एकमेकांना ताडून चुका काढणं हा त्यांचा धंदा. आणि घरातल्या दोन माणसांची वयं त्यांनी जन्मात एकदाही शेजारी ठेवून पाहिली नव्हती!

त्यांनी फोन हिसकावलाच. "मामा, पहिला झेंडा लावला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"मी? ताईच्या कडेवर! मला कसं आठवणार, आई सांगायची. दोन वर्षांचा सुद्धा नव्हतो. हिनं मला कडेवर घेऊन नेलं न मी हिच्या परकरावर कार्यक्रम उरकला. घरी गेल्यावर मार कुणाला, तर हिला."

"कडेवर! म्हणजे ती पाच-सहा वर्षांची तरी असेलच."

"असेल की. सहाची असेल. माझ्या अन् तिच्या मध्ये एक भाऊ होऊन गेला, म्हणजे अंतर चारेक वर्षांचं."

"मग एक जून सत्तेचाळीस कुणी लिहिलं?"

मामा एवढे हसले की पडद्यावर नुसती त्यांची कवळी दिसायला लागली. "अरे, त्रेपन्न साली गावात मुलींची शाळा निघाली. पहिल्याच दिवशी बावीस पोरी. कुणी सहाची, कुणी अकराची. मास्तर म्हणाले, पहिलीतली मुलगी सहा वर्षांचीच पाहिजे, सरकारी नियम आहे. न लिहून टाकली बावीसही जणींची एकच तारीख. एक जून सत्तेचाळीस! त्यातल्या एकीचं तर लग्न ठरलेलं होतं. मास्तरांच्या वहीत तीही सहाची!"

"मला काय माहीत मास्तरांनी काय लिहिलं," सरलाबाई मागून ओरडल्या. "मला पाटी मिळाली एवढं माहीत!"

श्यामसुंदरांनी कागद ओढला. जन्म एकेचाळीस सालच्या पावसाळ्यानंतर. सरलाबाईंची आई म्हणायची म्हणे, सरलाच्या बारशाला नवं भात कांडायला आलं होतं. वय चौऱ्याऐंशी, चार-सहा महिने इकडे तिकडे. ते ओरडले, "आई! हजार नाही, एक हजार अडतीस! तुझे चंद्र तीन वर्षांपूर्वीच भरले!"

मग काय विचारता! घटाशेजारी नंदादीप तेवत होता, त्याच्यासमोर सरलाबाईंनी पदर खोचला आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी गरकन एक फेर धरला. नूपुरला ओढलं, अनुराधाला ओढलं. खालून मासेवालीनं हाक मारून विचारलं, काय झालं? सरलाबाई खिडकीतून म्हणाल्या, "आमार बोयोश बेडे गेछे!" माझं वय वाढलंय! वय वाढलं म्हणून एवढा आनंद झालेली बाई मासेवालीनं जन्मात पाहिली नव्हती. तिनंही खालून, बंगाली बायका शुभप्रसंगी जीभ हलवून काढतात तसा, उलूध्वनी केला.

सुनंदाबाईंना फोन गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज आला, "म्हणजे मी म्हणतच होते. उगाच का मी ताई म्हणते? ते काही नाही, एकच होम, एकच गुरुजी. पण संकल्प आधी तुमचा. मोठ्या आहात ना आता हिशेबानंसुद्धा!" आणि जाता जाता एक चिमटाही, "पण सरलाताई, पावसाळ्यातल्या पौर्णिमा वजा केल्यात ना? ढगाआडचे चंद्र काही तुम्ही पाहिले नाहीत."

"त्यांनी मला पाहिलं," सरलाबाई म्हणाल्या.

सगळं घर असं अधांतरी तरंगत असताना एकटे श्यामसुंदर मात्र गप्प होत चालले. कारण दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या गेल्या त्यांनी पुन्हा तो तक्ता उघडला होता. आता ओळ बदलली होती. स्त्रिया, चौऱ्याऐंशी. तिथून अडीच वर्षं. शंभरातल्या पंच्याहत्तर. आईचा सोहळा त्यांनी जिंकला होता, आणि एका फोनमध्ये तिची सहा वर्षं हरवून बसले होते. परवापर्यंत आई अठ्ठ्याहत्तरची होती! उगाच शोधत बसलो, असं या शोधक माणसाला पहिल्यांदा वाटलं.

त्याच आठवड्यात दिल्लीची बैठक होती, पडद्यावरची. पूजेच्या सुट्टीआधी म्हाताऱ्यांचा अंदाज पक्का करून हवा होता. वरिष्ठांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आगटे, ऐंशीच्या पुढचा आकडा कितपत भरवशाचा?" नेहमीचं उत्तर होतं, पुरेसा भरवशाचा, सर. श्यामसुंदरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, एका गावात एक मास्तर होते." आणि बावीस पोरींची गोष्ट सांगितली. पडद्यावरच्या बारा चौकटी आधी हसल्या, मग एकेक चौकट बोलू लागली. एक बाई म्हणाल्या, माझ्या आजीचाही एक जून. दुसरे म्हणाले, माझ्या वडिलांचा एक जुलै. कुणी कागदावर लहान, कुणी मोठा. शेवटी ठरलं की पुढच्या पाहणीत ज्येष्ठांना एक प्रश्न जादा विचारायचा: पाठचा भाऊ किंवा बहीण केव्हाची? टिपण लिहायचं काम आगट्यांकडे आलं. तापसदानं टेबलाखालून त्यांना टाळी दिली. तरी चेहरा काही उजळला नाही.

आईला पोराचा चेहरा वाचायला तक्ता लागत नाही. कोजागिरीला सगळ्या जादवपूरभर घरोघरी लक्ष्मीपूजा, दारादारात तांदळाच्या पिठाची पावलं. सकाळी सरलाबाई शेजारच्यांच्या उंबऱ्यावरची अल्पना बघून आल्या आणि श्यामसुंदरांसमोर बसल्या.

"तोंड का उतरलंय तुझं? पंधरा दिवस बघतेय. खर्चाचं आहे का?"

"नाही गं."

"मग? सांग. मी मोठी आहे आता, मला सांगितलं तर चालतं."

आणि त्यांनी सांगितलं. तक्ता, ओळ, पंच्याऐंशी, पंच्याहत्तर. बोलताना चष्मा काढून डोळे पुसले. अनुराधा दारात उभी राहून खुणा करत होती, अहो, सणासुदीचं काय हे! पण निघाला तो शब्द निघाला.

सरलाबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "या शंभर बाया चौऱ्याऐंशीच्या. बरोबर? पण त्या चौऱ्याऐंशीला पोचायच्या आधी ज्या गेल्या, त्या कुठं मोजल्यात?"

"त्या यात नाहीत. त्या आधीच्या ओळींत गेल्या."

"म्हणजे अठ्ठ्याहत्तरला एक चाळण, एकोणऐंशीला एक, ऐंशीला एक... अशा सहा चाळण्यांतून मी खाली न पडता आले, आणि तुला पत्ताही नाही?"

"हो."

"आणि तू रडतोस! मला तर वाटतंय, चोरून सिनेमा बघून आले आणि घरी कुणाला कळलंच नाही." त्या खरोखर खुसखुसायला लागल्या. "अरे वेड्या, पंच्याहत्तर जणी असणार आहेत ना? मग त्यांच्यात बसायला मला जागा नाही का मिळणार? वझ्यांच्या सुनंदाला ढकलून बसेन." आणि हसता हसता त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "नेणारा नेईल तेव्हा नेईल, त्याच्या वहीत एक जून नाही. तोवर सोहळ्यात माझी तुला कशाची करणार आहेस, कशाशी तोलणार आहेस मला, ते सांग."

तुला संदेशची करायची ठरली. बंगालात राहून गुळाची काय करायची? कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे मागणी द्यायची, तर किती किलो? सरलाबाई काट्यावर उभ्या राहीनात. "देवाच्या तराजूआधी डॉक्टरचा काटा नाही." तेव्हा श्यामसुंदरांनी अंदाज मांडला. गेल्या वर्षीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्रेचाळीस किलो. या वयात वर्षाला एक-दीड किलो उतरतं, हे देशभरचं निरीक्षण. म्हणजे साडेएकेचाळीस. खबरदारी म्हणून बेचाळीस किलो संदेश सांगितला.

कार्तिकातल्या त्या रविवारी सकाळी मंडळाचा हॉल माणसांनी फुलला. होम झाला, धुरानं डोळे चुरचुरले, दोघी मैत्रिणींना सुवासिनींनी ओवाळलं. संकल्प आधी सरलाबाईंचा. गुरुजींनी वय विचारलं तेव्हा हॉलमधल्या साठजणांनी एकसुरात सांगितलं, "चौऱ्याऐंशी!" मंडळातले निम्मे ज्येष्ठ तर सकाळपासून श्यामसुंदरांच्या मागं होते, आमचंही एक जूनच आहे, आमचं जरा बघता का? वऱ्हाडपांडे काकांना आपण कागदाहून लहान निघू अशी भारी आशा होती.

हावड्याच्या एका गोदामातून लाकडी पारड्यांचा भला मोठा तराजू आणला होता, झेंडूच्या माळा गुंडाळून. एका पारड्यात सरलाबाई हिरवीगार नऊवारी नेसून मांडी घालून बसल्या. दुसऱ्यात संदेशच्या किलोकिलोच्या पेट्या रचायला सुरुवात झाली. दहा, वीस, तीस. चाळीस. शेवटची पेटी ठेवली. बेचाळीस. ढोलकी वाजली, सगळ्यांनी हात जोडले.

सरलाबाई जमिनीवरच.

श्यामसुंदरांनी पारडं चाचपलं. पेट्या पुन्हा मोजल्या. बरोबर बेचाळीस. तापसदानं साखळी हलवून पाहिली. पारडं ढिम्म.

"जोर करा," कुणीतरी म्हणालं. "संदेशनं कसला जोर करायचा?" सुनंदाबाई ओरडल्या. "सरलाताई, पोथीच्या नावाखाली शेव खाता ना दुपारची? मला ठाऊक आहे!" आणि त्यांनी आपला नारळाच्या वड्यांचा डबाच पारड्यात ठेवला. मग झुंबड उडाली. तापसदाच्या बायकोनं घरून आणलेले नारकेल नाडू, म्हणजे नारळाचे लाडू, ठेवले. कुणी केळ्यांचा घड, कुणी पुरणपोळ्यांची चवड, कुणी पाच नारळ. नूपुरनं आपली पाण्याची बाटली ठेवली, ती गुरुजींनी परत काढायला लावली. दर वस्तूला सगळे श्वास रोखून बघायचे, आणि सरलाबाई तशाच बसलेल्या, राणीसारख्या, जमिनीला चिकटून.

"श्याम," त्या पारड्यातून म्हणाल्या, "अंदाज चुकला रे तुझा!"

"चुकला, आई!" श्यामसुंदर हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्मा पुसायचीही शुद्ध नव्हती. "साफ चुकला! चार किलोंनी तरी चुकला!" जन्मात कुठलाही आकडा बरोबर आल्यावर हा माणूस एवढा नाचला नव्हता. त्यांनी स्वतः धावत जाऊन मुदपाकखान्यातून साखरभाताचं पातेलं आणलं आणि दोन्ही हातांनी पारड्यात टेकवलं.

पारडं करकरलं. सरलाबाई वीतभर उचलल्या गेल्या. मग हातभर. त्यांनी दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या, मांडी सोडली, पाय खाली लोंबते सोडले आणि नागपंचमीच्या झोक्यावरच्या पोरीसारखा एक हळूच झोका घेतला.